खुसपट काढणारी हवीच!

'तिला मेलीला काही पसंतच पडत नाही, सारखी खुसपटं काढत असते!' हे वाक्य आपल्याकडे बहुतेक वेळा एखाद्या बाईबद्दलच बोललं जातं. किराणावाल्याचं बिल तिथल्या तिथे ताडून बघणारी, बचत गटाच्या वहीत दहा रुपयांचा फरक दिसला तर मीटिंग संपू न देणारी, निवडलेले तांदूळ पुन्हा एकदा ताटात पसरून पाहणारी बाई. तिचं कौतुक कुणी करत नाही. 'जाऊ दे ना गं, कशाला एवढं?' हेच तिच्या वाट्याला येतं.

मला मात्र वाटतं, आजचं आपलं सगळं जग अशाच खुसपटं काढणाऱ्या माणसांच्या भरवशावर चाललंय. आणि जिथे जिथे त्यांचं तोंड बंद केलं जातं, तिथे तिथे कुणाचा तरी जीव जातो, नाहीतर अब्रू तरी जाते. आज हे सांगायचंय ते सॉफ्टवेअरच्या निमित्ताने. 'सॉफ्टवेअर' शब्द वाचून पान उलटू नका हं! बँकेचं पासबुक, रेशनचं मशीन, विजेचं बिल, मुलांचा निकाल, एसटीचं रिझर्व्हेशन, सगळ्यांच्या मागे सॉफ्टवेअरच आहे. आणि सॉफ्टवेअर म्हणजे तरी काय? यंत्राने काय करायचं, कशानंतर काय करायचं, याच्या माणसाने लिहून ठेवलेल्या सूचना. आता लिहिणारा माणूस म्हटल्यावर चुका आल्याच.

या चुकांना त्या क्षेत्रात 'बग' म्हणतात, म्हणजे किडा. १९४७ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या एका भल्यामोठ्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड झाला, तेव्हा आत खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीने वहीत डकवून तिथल्या लोकांनी खाली गमतीने लिहून ठेवलं, की खराखुरा बग सापडण्याची ही पहिलीच वेळ! शब्द त्याआधीपासूनच वापरात होता, पण तेव्हापासून ही गोष्ट त्याला कायमची चिकटली. धान्याच्या डब्यात किडा लागतो हे आपण मनाशी धरूनच चालतो. म्हणून तर ऊन देतो, कडुनिंबाचा पाला घालतो, मधूनमधून डबा उघडून बघतो. 'माझ्या डब्यात किडा होणारच नाही' असं कुठलीच शहाणी बाई म्हणत नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मोठमोठ्या लोकांनी मात्र हे वाक्य कितीदा तरी म्हटलंय, आणि त्याची किंमत भलत्यांनीच मोजली आहे.

पहिलं उदाहरण चंद्रावरच्या स्वारीचं. अपोलो यानांच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या गटाच्या प्रमुख होत्या मार्गारेट हॅमिल्टन. अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत संस्थेच्या प्रयोगशाळेत त्या काम करत. मुलगी लहान होती. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी काम निघालं की तिला त्या बरोबर घेऊन जात. (हे वाचून कितीजणींना आपलं ऑफिस आठवलं असेल!) यानातल्यासारखीच बटणं तिथे सरावासाठी मांडलेली होती. मुलीने अंतराळवीर-अंतराळवीर खेळता खेळता ती दाबली आणि सराव चालू असताना सगळं बंद पडलं. हॅमिल्टनबाईंनी नीट पाहिलं, तर उड्डाणाच्या आधी वापरायचा कार्यक्रम तिने 'उडत्या' यानात चालू केला होता.

दुसरी आई असती तर मुलीच्या पाठीत धपाटा बसला असता. या बाईंच्या मनात वेगळंच आलं, की हीच चूक अंतराळवीराने केली तर? चुकीचं बटण दाबलं गेलं तरी कॉम्प्युटरने ते मानू नये, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये करू या, असं त्यांनी सुचवलं. वरून उत्तर आलं, की आमचे अंतराळवीर इतके तयार आहेत की असली चूक ते करणारच नाहीत. शेवटी माहितीपत्रकात तेवढी एक टीप घालता आली, की उड्डाण चालू असताना हा कार्यक्रम निवडू नये.

पुढे डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चंद्राला प्रदक्षिणा घालून परत येत असताना जिम लॉव्हेल या कसलेल्या अंतराळवीराने नेमका तोच कार्यक्रम चुकून चालू केला. कॉम्प्युटरला वाटलं, यान अजून पृथ्वीवर उड्डाणाच्या तळावरच उभं आहे! दिशेची माहिती पुसली गेली. खाली इंजिनिअरांची धावपळ उडाली आणि वर लॉव्हेल यांना ताऱ्यांचा वेध घेऊन ती सगळी माहिती पुन्हा भरावी लागली. निभावलं, यान सुखरूप परतलं. त्यानंतर मात्र हॅमिल्टनबाईंनी सुचवलेली ती सोय सॉफ्टवेअरमध्ये आली. २०१६ साली त्यांना अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते तिथला सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. पण मुद्दा सन्मानाचा नाही. 'हुशार माणूस चुकत नाही' हे गृहीत धरणं ही सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती एका आईच्या लक्षात लेकीच्या खेळातून आली, हा मुद्दा आहे.

त्या यानांचं तयार सॉफ्टवेअर कसं साठवत, ठाऊक आहे? कारखान्यातल्या महिला कामगार ते अक्षरशः ओवत असत. बारीक चुंबकीय कड्या आणि त्यातून जाणारी तार. तार कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. एकदा ओवून झालं की चूक दुरुस्त करणं महाकठीण. त्यामुळे आधी तपासायचं, पुन्हा तपासायचं, मग ओवायचं. स्वेटरचा एक टाका सुटल्याचं वीस ओळी विणून झाल्यावर लक्षात आलं की काय होतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

चंद्राच्या वाटेवरची चूक निभावली. जमिनीवर, दवाखान्यात झालेली एक चूक मात्र नाही निभावली. कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणारं थेरॅक-२५ नावाचं कॅनेडियन बनावटीचं यंत्र होतं. आधीच्या यंत्रांमध्ये किरणांचा मारा जास्त होऊ नये म्हणून वेगळे यांत्रिक अडसर बसवलेले असत. या नव्या यंत्रात ते काढून टाकून भरवसा सॉफ्टवेअरवर ठेवला गेला. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी पट, काहींना तर सुमारे शंभर पट मारा बसला. काही त्यातच गेले.

त्यातल्या पहिल्या होत्या जॉर्जिया राज्यातल्या एक बाई. स्तनाची गाठ काढल्यानंतरचे उपचार चालू होते. यंत्र चालू होताच त्यांना भयंकर भाजल्यासारखं झालं आणि त्यांनी ते तिथल्या तिथे सांगितलं. उत्तर मिळालं, की असं होऊच शकत नाही. पुढे त्यांचं स्तन काढावं लागलं, हात आणि खांदा निकामी झाला. 'मला भाजलं' हे सांगणारी बाई खरी होती आणि 'शक्यच नाही' म्हणणारे खोटे ठरले. पण ते ठरेपर्यंत आणखी पाचजण त्याच वाटेने गेले.

चूक सापडली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. टेक्सासमधल्या टायलर गावी ते यंत्र चालवणारी एक अनुभवी तंत्रज्ञ होती. रोजच्या सवयीने तिचा हात भरभर चाले. एका प्रकारच्या किरणांऐवजी दुसऱ्या प्रकारचं अक्षर तिच्याकडून दाबलं गेलं, तिने ते लगेच दुरुस्त केलं आणि यंत्र चालू केलं. पडद्यावर आलं 'मालफंक्शन ५४', म्हणजे बिघाड क्रमांक ५४. पण त्याचा अर्थ काय, रुग्णाला धोका आहे की नाही, हे नीट कुठेच सांगितलेलं नव्हतं. एरवीही अशा सूचना इतक्या वेळा येत की 'पुढे चला'चं बटण दाबायची सवयच झालेली. कंपनीच्या लोकांनी येऊन तपासलं, त्यांना काही सापडलं नाही. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि काही दिवसांत तिथेच दुसऱ्या रुग्णाचं तेच झालं. हे १९८६ साल.

मग ती तंत्रज्ञ आणि तिथले भौतिकतज्ज्ञ दोघं यंत्रापाशी ठाण मांडून बसले. आपण नेमकं काय केलं, कुठलं बटण कशानंतर आणि किती वेगाने दाबलं, हे तिने आठवून आठवून पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि तो बिघाड हवा तेव्हा घडवून दाखवला. दुरुस्ती ठराविक सेकंदांच्या आत, भरभर केली तरच तो येत होता. कंपनीच्या इंजिनिअराला तो आधी येईना, कारण त्याचा हात तिच्यासारखा भरभर चालत नव्हता! म्हणजे जी चूक ते यंत्र बनवणाऱ्यांना दिसली नाही, ती रोज ते वापरणारीच्या हाताला माहीत होती.

आणखी एक. तीच चूक आधीच्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्येही होती, असं नंतर कळलं. पण तिथे नुसता फ्यूज उडायचा आणि यंत्र बंद पडायचं, म्हणून कुणाला इजा झाली नाही. गॅसचं रेग्युलेटर चांगलं आहे म्हणून काही आपण रात्री शेगडीचं बटण बघायचं सोडत नाही. एकावर एक अशी दोन कुलुपं असावीत, हे कळायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. सॉफ्टवेअरवर नको तितका विश्वास टाकला गेला, हे पुढे नॅन्सी लेव्हेसन या संशोधक बाईंनी सहकाऱ्याबरोबर या सगळ्या अपघातांचा अभ्यास करून सविस्तर मांडलं. आजही सॉफ्टवेअर शिकणाऱ्या मुलामुलींना हे प्रकरण शिकवतात.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. मग अगदी आपल्या काळातलं बघा. ब्रिटनमध्ये गावोगावी छोट्या दुकानातच पोस्टाचं काउंटर असतं. ते चालवणारे उपपोस्टमास्तर म्हणजे साधी, गावातली विश्वासाची माणसं. कितीतरी बायका त्यात. १९९९ पासून त्यांच्या हिशेबासाठी 'होरायझन' नावाची कॉम्प्युटर यंत्रणा बसवायला सुरुवात झाली आणि हिशेबात न झालेली तूट दिसू लागली. दिवसभराची रोकड मोजावी, तर कॉम्प्युटर म्हणे हजारो पौंड कमी आहेत. करारानुसार तूट भरायची ती उपपोस्टमास्तरांनीच. मदतीसाठी फोन केला, तर कितीतरी जणांना ऐकवलं गेलं, की ही तक्रार फक्त तुमचीच आहे, बाकी कुणाची नाही.

एकटं पाडायला याहून मोठं हत्यार नाही, मैत्रिणींनो. 'फक्त तुलाच त्रास होतो, बाकीच्यांचं बरं चाललंय की!' हे आपण घरात काय कमी ऐकलंय?

त्यातल्या एक सीमा मिश्रा, भारतीय वंशाच्या. इंग्लंडमधल्या वेस्ट बायफ्लीट गावात पोस्ट चालवत होत्या. तूट दिसत राहिली, घरचे पैसे घालून त्या भरत राहिल्या. शेवटी चोरीचा ठपका आला आणि २०१० साली त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या आणि त्या दिवशी त्यांच्या थोरल्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. नऊशेहून अधिक लोकांना अशा रीतीने गुन्हेगार ठरवलं गेलं. कॉम्प्युटर बिघडलाय असं दाखवता येत नसेल तर तो बरोबर चालतोय असंच धरायचं, ही तिथल्या कायद्याची चाल. आता खेड्यातली पोस्टमास्तरीण कॉम्प्युटरच्या आतला बिघाड कुठून दाखवणार?

दिसून आलेल्या चुकांची नोंद यंत्रणा सांभाळणाऱ्या कंपनीकडे ठेवलेली होती, हे पुढे कोर्टात उघड झालं. वही होती. फक्त जिच्यावर चोरीचा आळ होता, तिच्यासमोर ती उघडली गेली नव्हती. ॲलन बेट्स या माजी उपपोस्टमास्तरांनी चिकाटीने एकेकाला जोडत नेलं, ५५५ जण मिळून कोर्टात गेले आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं, की यंत्रणेतच चुका होत्या. एप्रिल २०२१ मध्ये सीमा मिश्रा यांच्यासह ३९ जणांवरचा डाग पुसला गेला. २०२४ साली तर संसदेने कायदा करून शेकडो जणांच्या शिक्षा रद्द केल्या. पण जुलै २०२५ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाच्या पहिल्या भागात म्हटलंय, की या प्रकरणामुळे किमान १३ जणांनी आत्महत्या केली असावी. त्यांना कुठला कायदा परत आणणार?

या तिन्ही गोष्टींमध्ये एक धागा आहे. चूक होणं हा दोष नव्हता. चुका होणारच. दोष होता तो चूक दाखवणाऱ्याचं न ऐकण्यात. अंतराळयान असो, दवाखाना असो की पोस्ट, 'काहीतरी चुकतंय' असं कुणीतरी वेळेवर सांगितलं होतं. त्याला उत्तर मिळालं, की असं होणार नाही, होऊ शकत नाही, तुम्हालाच होतंय.

चांगल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत म्हणूनच काही रीती पाळतात. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचायचंच. तपासणारी माणसं मुद्दाम वेडंवाकडं वापरून बघतात. वयाच्या जागी नाव टाक, एकच बटण चारदा दाब, मध्येच वीज घालव. एक दुरुस्ती केली की जुन्या सगळ्या तपासण्या पुन्हा करायच्या, कारण एक भोक बुजवताना दुसरं पडतं. आणि सापडलेली प्रत्येक चूक लिहून ठेवायची. बचत गटात तरी दुसरं काय करतो आपण? पैसे एकीकडे, वही दुसरीकडे, आणि महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचन. अध्यक्षबाईंवर अविश्वास आहे म्हणून नव्हे. उलट विश्वास टिकावा म्हणूनच.

यात एक पथ्य मात्र आहे. खुसपट कामातलं काढायचं, माणसातलं नाही. ज्या घरात कपबशी फुटली की आकांडतांडव होतं, त्या घरात फुटलेले तुकडे कचऱ्यात खोल दडवले जातात. ऑफिसातही तसंच. चूक कबूल करणाऱ्याची नोकरी जाणार असेल तर चुका दिसणं बंद होतं, होणं बंद होत नाही. म्हणून समजदार ठिकाणी 'कोणी केलं?' याआधी 'कसं झालं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करू?' हे विचारतात. आपल्या घरी मुलांनासुद्धा हाच प्रश्न विचारून बघायला हरकत नाही.

आता कुणी म्हणेल, एवढी तपासणी करत बसलं तर कामं कधी व्हायची? आणि सगळ्या चुका कधीच सापडत नाहीत, मग उपयोग काय? खरंय, सगळ्या सापडत नाहीत. कितीही तपासलं तरी 'आता एकही चूक नाही' असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण म्हणून तर वापरणाऱ्याची तक्रार मोलाची. कारखान्यातून निसटलेला किडा तिलाच दिसणार असतो.

इथे आपला संबंध येतो. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही, कारण धुणीभांडी आणि शेतीकाम करून बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. नावातल्या एका वेलांटीने अर्ज अडकतो. आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, 'कॉम्प्युटरमध्ये तसंच दाखवतंय, मी काय करू?' आपणही मान खाली घालून परत येतो, जणू चूक आपलीच. तर पुढच्या वेळी तसं येऊ नका. तपासणी करणारे इंजिनिअर तक्रार लिहितात तशीच आपणही लिहायची. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. तारीख, वेळ, पडद्यावर आलेला मजकूर. मोबाइलवर फोटो काढता आला तर काढायचा, पावती जपून ठेवायची, अर्ज लेखी द्यायचा आणि पोच मागायची. आणि मुख्य म्हणजे शेजारणीला विचारायचं, 'तुझंही असंच झालं का गं?' तिचंही झालेलं असेल तर दोघींनी मिळून जायचं. ब्रिटनमध्ये लढाई जिंकली ती 'तुम्ही एकटेच' हे खोटं आहे असं कळल्यावरच.

दुसरं, आपल्या लेकीसुनांबद्दल. गावातून पुण्याला गेलेल्या कितीतरी मुली 'टेस्टिंग'मध्ये काम करतात. लग्नाच्या बोलण्यात 'टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे प्रोग्रॅम नाही लिहीत' असं जरा नाक मुरडूनच म्हटलं जातं. अहो, तीच तर राखणदार! आता तर प्रोग्रॅम लिहायच्या कामातही एआय मदत करू लागलंय. झरझर लिहून देतं आणि चुकलेलंसुद्धा मोठ्या आत्मविश्वासाने देतं. अशा वेळी थांबून 'हे बरोबर आहे कशावरून?' विचारणारी नजर जास्तच लागणार. ती नजर घरातूनच तयार होते. लहानपणी 'आई, हिशेब चुकलाय' म्हणणाऱ्या मुलीला 'गप्प बस, मोठ्यांना शिकवू नकोस' म्हटलं की ती कायमची मिटते.

तेव्हा यापुढे कुणी 'काय सारखी खुसपटं काढतेस?' असं म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नका. हसून म्हणा, 'काढते, कारण निस्तरायला नंतर मलाच लागतं!'